सुनिषण्णकाचे बीज : बीजरहित वनस्पतींतील पिढ्यांचे एकांतरण आणि द्रव्यनिश्चिती

औषधी वनस्पती नामाने व रूपाने ओळखणारे गोप, अजपाल आणि वनचर रानोमाळ आढळतात. परंतु केवळ नामरूपाच्या परिचयाने औषधीचे पूर्ण ज्ञान झाले असे होत नाही, असा अभिप्राय चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात व्यक्त झालेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका वनस्पतिसमूहाचा विचार करणार आहोत की, ज्याच्या बाबतीत रूपज्ञानसुद्धा आपणास प्रायः अर्धेच झालेले असते. हंसपदी, मयूरशिखा, संजीवनी, सुनिषण्णक ही या समूहातील आपल्या परिचयाची द्रव्ये होत. यांना फूल नाही, फळ नाही, बीज नाही. आणि यांचे जीवनचक्र एका देहात नव्हे, तर एकाआड एक येणाऱ्या दोन निरनिराळ्या देहांत पूर्ण होते. यालाच वनस्पतिशास्त्रात ‘पिढ्यांचे एकांतरण’ म्हणतात.

विषय निघण्यास कारण घडले ते असे. विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी आम्ही औषधी द्रव्यांच्या एका दुकानातून काही नमुने मागविले होते. त्यांतील एका पुडीवर ‘सुनिषण्णक बीज’ अशी चिठ्ठी होती. योगायोगाने त्याच आठवड्यात भाताच्या खाचरातून आणलेली सुनिषण्णकाची ताजी रोपे वर्गात मांडलेली होती. पुडी आणि रोप शेजारी शेजारी पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही वनस्पती जर नेच्यांच्या वर्गातील, तर तिला बी आले कोठून?” प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांस बीज म्हणजे काय, येथपासून आरंभ करावा लागला. तोच क्रम येथेही ठेवीत आहोत.

बीज आणि बीजाणू

बीज म्हणजे तयार गर्भाची शिदोरीसह केलेली बांधणी होय. हरभऱ्याचा दाणा भिजवून सोलला असता साल, अन्नाने भरलेली दोन दले आणि त्यांच्यामध्ये दडलेला इवलासा गर्भ हे तिन्ही भाग उघड दिसतात. स्त्रीबीज व पुंबीज यांचा संयोग मातृवृक्षावरच होऊन गेलेला असतो. जमिनीवर पडते ती त्या संयोगाची निष्पत्ती.

बीजाणूचे तसे नाही. बीजाणू ही एकच पेशी असते. तिच्यात गर्भ नाही, दले नाहीत आणि तिच्या उत्पत्तीत स्त्री-पुरुष संयोगही नाही. उलट, मातृवनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या निम्मी होऊन बीजाणू निर्माण होतात. म्हणजे बीज हे मीलनानंतरचे, तर बीजाणू हा मीलनापूर्वीचा टप्पा आहे. ‘बीजाणू’ या शब्दात ‘बीज’ आल्यामुळे तो एखाद्या बारीक बियाण्यासारखा असावा असा समज होतो. तो प्रथम दूर केला पाहिजे.

चरकाचार्यांनी औद्भिद द्रव्यांचे वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि ओषधी असे चार प्रकार केले आहेत. फुलाविना फळ देणारी ती वनस्पती. उदुंबर हे तिचे नेहमीचे उदाहरण. उंबराचे फूल दिसत नाही, पण ते असते. फळासारख्या दिसणाऱ्या त्या पोकळ भागाच्या आतल्या बाजूस शेकडो फुले असतात. नेच्याचे गूढ निराळे आहे. नेच्याच्या पानात कोठेही फूल दडलेले नाही. दडलेली आहे ती एक संपूर्ण वनस्पती, आणि ती नेच्यावर नसून त्याच्या पायथ्याच्या ओल्या मातीत आहे.

भिंतीवरील दोन पिढ्या

पावसाळ्यात जुन्या विहिरींच्या कठड्यांवर, जांभ्या दगडाच्या भिंतींवर व घाटातील दरडींवर हंसपदी विपुल दिसते. काळा चकचकीत देठ आणि पंख्यासारखी पर्णदले या खुणांवरून ती सहज ओळखू येते. पर्णदल उलटे करून पाहिल्यास त्याची कड खालच्या बाजूस दुमडलेली आढळते. या दुमडीच्या आश्रयाने बीजाणुधानींचे पुंजके असतात. नेच्यांच्या एका बीजाणुधानीत बहुधा ६४ बीजाणू असतात. धानीच्या एका बाजूने जाड भिंतींच्या पेशींची कमान असते. हवा कोरडी झाली की ती कमान मागे ताणली जाऊन धानी फुटते आणि पुढच्याच क्षणी कमान झटक्याने पूर्ववत होऊन बीजाणू दूर भिरकावले जातात.

आपण जी हंसपदी पाहतो, वाळवतो आणि औषधात वापरतो ती ही बीजाणुधारी पिढी होय. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात.

ओल्या जागी पडलेला बीजाणू रुजतो. परंतु त्यातून हंसपदी उगवत नाही. त्यातून प्रथम हिरव्या पेशींचा एक तंतू आणि पुढे हृदयाच्या आकाराचा, काही मिलिमीटर रुंदीचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. यास प्रोथॅलस असे नाव आहे. बहुतेक भागात त्याची जाडी केवळ एका पेशीची असते. त्याला खरे मूळ नाही, खोड नाही, पान नाही. खालच्या बाजूस सूक्ष्म मूलरोम मात्र असतात. तो स्वतःचे अन्न स्वतः तयार करतो. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. हीच दुसरी, म्हणजे युग्मकधारी पिढी. काही मराठी ग्रंथांत या दोन पिढ्यांना अनुक्रमे बीजुकधारी व गंतुकधारी अशा संज्ञा योजिल्या आहेत, अर्थ तोच.

प्रोथॅलसच्या खालच्या अंगास मूलरोमांच्या आसपास पुंधानी आणि खाचेजवळ सुरईच्या आकाराच्या स्त्रीधानी उत्पन्न होतात. पुंधानीतून बाहेर पडणाऱ्या पुंयुग्मकांना अनेक कशाभिका असतात व ती पाण्यात पोहतात. स्त्रीधानीकडे ती रासायनिक आकर्षणाने जातात. मॅलिक आम्लाकडे नेच्यांची पुंयुग्मके ओढली जातात, हे फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये प्रयोगाने दाखविले. संयोग झाला म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच पुन्हा एकत्र येतात, गर्भ वाढू लागतो आणि पापुद्र्याच्या खाचेतून हंसपदीचे पहिले कोवळे पान वर येते. आरंभी या बालरोपाचे पोषण प्रोथॅलसच करतो. रोपास स्वतःचे मूळ फुटले की प्रोथॅलस सुकून नाहीसा होतो. येथे एक चक्र पूर्ण झाले.

गुणसूत्रसंख्येचा हा चढउतार किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या छोट्या नेच्याच्या बीजाणुधारी पिढीत सुमारे १२६० गुणसूत्रे असल्याचे अब्राहम व नाइनन या केरळातील संशोधकांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या युग्मकधारी पिढीत याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६३० असतात.

या नियमास अपवादही आहेत. काही नेच्यांत, हंसपदीच्याही काही वंशांत, मीलनाचा टप्पा गाळून प्रोथॅलसच्या पेशींपासून थेट नवे रोप निघते. शिवाय हंसपदीच्या पानाचे टोक जमिनीस टेकले तर तेथेही मुळे फुटून नवे रोप तयार होते. तथापि मूळ चक्र वर सांगितल्याप्रमाणेच आहे.

आता सुश्रुतसंहितेतील गर्भसंभवाची चार अंगे आठवावीत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. आचार्यांनी तेथे दृष्टांतही अंकुराचाच दिला आहे. नेच्याच्या चक्रात ऋतू म्हणजे पावसाळा, क्षेत्र म्हणजे ओलसर सावलीची माती, बीज म्हणजे दोन युग्मके. आणि अंबू येथे केवळ पोषणासाठी नाही, तर संयोगाचे ते एकमेव वाहन आहे. प्रोथॅलसवर पाण्याचा पातळ थर नसेल तर पुंयुग्मक स्त्रीधानीपर्यंत पोहोचूच शकत नाही. प्राचीनांना प्रोथॅलस ज्ञात होता असा आमचा दावा मुळीच नाही. परंतु त्यांनी घालून दिलेली ही चौकट नव्या ज्ञानालाही पेलते, एवढे निश्चित.

अदृश्य बीजाचा शोध

नेच्याचे बीज कोठे आहे, या प्रश्नाने युरोपातही शतकानुशतके लोकांना चकविले. बीज असलेच पाहिजे, मग ते दिसत नाही याचा अर्थ ते अदृश्य आहे, आणि जे अदृश्य आहे ते बाळगणाराही अदृश्य होतो, अशी तेथील लोकसमजूत होती. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकातही तिचा उल्लेख येतो. लिनीयसने अठराव्या शतकात वनस्पतींचे २४ वर्ग केले, तेव्हा नेचे, शेवाळी, कवके आदींना शेवटच्या वर्गात घालून त्यास ‘क्रिप्टोगॅमिया’, म्हणजे गुप्त विवाहाच्या वनस्पती, असे नाव दिले. विवाह आहे, पण तो कोठे होतो हे ठाऊक नाही, अशी ती प्रांजळ कबुलीच होती.

नेगेली याने १८४४ मध्ये प्रोथॅलसवरील पुंधानी व पोहणारी पुंयुग्मके पाहिली. १८४८ मध्ये लेश्चिच-सुमिन्स्की याने स्त्रीधानी ओळखून नवे रोप तेथूनच निघते हे दाखविले. या सुट्या निरीक्षणांना एका सूत्रात ओवण्याचे श्रेय विल्हेल्म होफमायस्टर यांच्याकडे जाते. लाइपझिग येथील संगीत व ग्रंथ प्रकाशकाच्या घरात जन्मलेले होफमायस्टर स्वतः त्याच व्यवसायात होते. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. फावल्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते. शेवाळींपासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत सर्वत्र दोन पिढ्या आळीपाळीने येतात, हा सिद्धांत त्यांनी त्यात मांडला. पुढे १८९४ मध्ये स्ट्रासबुर्गर यांनी गुणसूत्रांच्या एक व दोन संचांची त्यास जोड दिली. व्यवसाय सांभाळून केलेले सूक्ष्म निरीक्षण किती मोलाचे ठरू शकते, हे आपल्यासारख्या व्यवसायी वैद्यांनी येथे अवश्य ध्यानात घ्यावे.

कोणती पिढी प्रधान?

दोन्ही पिढ्या सर्वत्र सारख्या ठळक नसतात. पावसाळ्यात भिंतींवर हिरव्या मखमलीसारखे जे मॉस पसरते, ते त्या वनस्पतीच्या युग्मकधारी पिढीचे रूप होय. तिच्यावर तांबूस काड्या व त्यांच्या टोकास बारीक बोंडे दिसतात, ती बीजाणुधारी पिढी. ही पिढी पोषणासाठी जन्मभर हिरव्या मॉसवर अवलंबून राहते. म्हणजे नेच्यांत जी पिढी आपणास दिसतही नाही, तीच मॉसमध्ये भिंत व्यापून बसलेली असते.

संजीवनी या नावाने परिचित असलेली सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस पुढील पायरीवर आहे. तिच्यात बीजाणू दोन प्रकारचे असतात. लघुबीजाणू पुष्कळ व सूक्ष्म. गुरुबीजाणू मोठे आणि एका धानीत बहुधा चारच. लघुबीजाणूतून पुरुष-युग्मकधारी व गुरुबीजाणूतून स्त्री-युग्मकधारी पिढी निर्माण होते. या पिढ्या नेच्याप्रमाणे जमिनीवर मोकळ्या पसरत नाहीत; त्या बीजाणूच्या कवचाच्या आतच वाढतात. गुरुबीजाणूत अन्नाचा साठाही असतो.

येथून बीजापर्यंतचे अंतर फार नाही. गुरुबीजाणू मातृवनस्पतीपासून सुटलाच नाही, त्याच्यातील स्त्रीपिढी तेथेच वाढली, पुंयुग्मक परागकणातून तिच्यापर्यंत पोहोचविले गेले आणि गर्भ आवरणासह खाली पडला, की झाले बीज. सपुष्प वनस्पतींतही पिढ्यांचे एकांतरण आहेच. तेथे पुरुषपिढी तीन पेशींच्या परागकणापुरती आणि स्त्रीपिढी बहुधा सात पेशींच्या भ्रूणकोशापुरती संकोचलेली असते, इतकेच.

सुनिषण्णक : एक नाव, अनेक दावेदार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सुनिषण्णक ही शाकवर्गातील वनस्पती आहे. सुश्रुतसंहितेत ती अविदाही, त्रिदोषघ्न व संग्राही सांगितली आहे. चरकसंहितेतील अर्शचिकित्सेत सुनिषण्णक-चांगेरी घृत येते. भावप्रकाशात तिचे वर्णन चांगेरीसारख्या पानांची, चार दलांची आणि जलयुक्त प्रदेशात होणारी असे केलेले आहे. हे वर्णन मार्सिलिया या पाणनेच्यास तंतोतंत लागू पडते. बंगालमध्ये या भाजीस आजही ‘शुशनी’ म्हणतात. संस्कृत नावच तेथे लोकभाषेत टिकून राहिले आहे. झोप येण्यासाठी ती खाण्याची प्रथाही तेथे आहे. तिची चार पर्णके रात्री मिटतात, हेही ‘सुनिषण्ण’, म्हणजे नीट बसलेले, या नावाशी जुळते.

विद्यार्थ्यांनी चांगेरीशी होणारा घोटाळा टाळावा. चांगेरीस, म्हणजे आंबुटीस, तीन पर्णके असतात, चव आंबट असते आणि पिवळी फुले येतात. मार्सिलियास चार पर्णके असतात, चव आंबट नसते आणि फूल कधीच येत नाही.

अडचण पर्यायनामांतून निर्माण होते. भावप्रकाशात शितिवार, स्वस्तिक, सूचिपत्र ही नावे सुनिषण्णकाचे पर्याय म्हणून दिलेली आहेत. आणि चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राच्या चिकित्सेत शितिवारकाचे बीज ताकाबरोबर देण्यास सांगितले आहे. पर्याय एक मानले की सुनिषण्णकासही बीज असले पाहिजे, असे ओघानेच येते. बाजारात या नावाने मिळणारे बीज प्रायः उटंगणाचे, म्हणजे वासाकुलातील ब्लेफॅरिस या काटेरी वनस्पतीचे असते. आमच्या पुडीतील दाणेही चपटे, हृदयाकृती व केसाळ होते. पाण्यात टाकताच त्यांचे केस फुलले आणि भोवती बुळबुळीत थर जमला. ही उटंगणाची खूण होय. या वनस्पतीचीही पाने चार-चारच्या वलयात येतात, म्हणून ‘स्वस्तिक’ नाव तिलाही शोभते. ‘सूचिपत्र’ तर तिलाच शोभते. परंतु ती कोरड्या प्रदेशातील आहे. ‘जलयुक्त देश’ हे विशेषण तिला लागू होत नाही. शितिवारक म्हणजे कुरडू, असे मानणारेही वैद्य आहेत.

शितिवारक कोणता, याचा होकारार्थी निर्णय केवळ वनस्पतिशास्त्राने होणार नाही. त्यासाठी टीका, निघंटू व परंपरा यांचा विचार करावा लागेल. परंतु एक नकारार्थी निर्णय मात्र ते निःसंदिग्धपणे देते. जेथे बीज वापरण्यास सांगितले आहे, तेथे मार्सिलिया अभिप्रेत असू शकत नाही. कारण मार्सिलियास बीज होतच नाही. म्हणून शाक व घृतासाठी सांगितलेले सुनिषण्णक आणि बीजासाठी सांगितलेले शितिवारक ही दोन भिन्न द्रव्ये मानणे आम्हांस युक्त वाटते. मयूरशिखेच्या वादातही हीच कसोटी उपयोगी पडते. ॲक्टिनिओप्टेरिस हा छोट्या ताडपत्रासारखा नेचा आणि बागेतील कोंबडा ही फुलझाडाची जात, अशी दोन्ही द्रव्ये या नावाने सांगितली जातात. नमुन्यात बी आढळले तर तो नेचा नव्हे, हे तत्काळ ठरते.

कडधान्यासारखे दिसणारे, पण बीज नसलेले

कोणी म्हणेल की, मार्सिलियाच्या देठाच्या बुडाशी वाटाण्याहून लहान, कठीण, काळपट दाणे असतात. ती बीजे नव्हेत काय? हाच भ्रमाचा सर्वांत मोठा उगम आहे. पाणी ओसरू लागले की हे दाणे तयार होतात. शास्त्रीय भाषेत त्यांना स्पोरोकार्प म्हणतात; आपण बीजाणुफल म्हणू, मात्र त्यातील ‘फल’ हे नावापुरतेच. वस्तुतः तो दुमडून कठीण झालेला पानाचाच भाग असून त्याच्या पोटात लघु व गुरु अशा दोन्ही बीजाणूंच्या धानी ओळीने रचलेल्या असतात. हा दाणा कोरडा राहून अनेक दशकांनंतरही सजीव असू शकतो. त्याची कड किंचित घासून पाण्यात टाकली असता थोड्याच वेळात आतून पारदर्शक जेलीसारखा दोर बाहेर येतो व त्यावर धानींचे पुंजके लटकलेले दिसतात. पुढे एका दिवसाच्या आतच दोन्ही युग्मकधारी पिढ्या तयार होऊन संयोगही होऊ शकतो. जे कार्य हंसपदीच्या प्रोथॅलसला कित्येक आठवडे लागून साधते, ते येथे काही तासांत आटोपते. कारण डबक्यातील पाणी किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो. प्रत्येक महाविद्यालयाने हा प्रयोग वर्गात अवश्य दाखवावा.

या दाण्यास बीज समजणे ही केवळ शब्दाची चूक राहत नाही, हे एका शोकांतिकेवरून कळते. ऑस्ट्रेलियात मार्सिलियाच्या एका जातीस नार्डू म्हणतात. तेथील यांद्रुवांधा लोक तिचे दाणे परंपरागत संस्कार करून खात असत. १८६१ मध्ये बर्क व विल्स यांच्या शोधमोहिमेतील माणसे अन्न संपल्यावर नार्डूच्या पिठावर राहिली. पोट भरत होते, पण अशक्तपणा वाढतच होता, असे विल्स यांच्या दैनंदिनीवरून दिसते. दोघेही त्याच वर्षी मरण पावले. त्यांचा सहकारी किंग हा स्थानिकांच्या आश्रयाने वाचला. नार्डूत थायामिनेज हे विकर असून ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते. योग्य संस्कार न झाल्यामुळे त्यांना बेरीबेरी जडली असावी, असे मत अलीकडील अभ्यासकांनी मांडले आहे. बाजारात बीजाच्या नावाने मार्सिलियाचे दाणे कोणी देऊ लागला, तर मूत्रकृच्छ्राच्या रुग्णास आपण काय देत आहोत, याचा विचार प्रत्येकाने करावा. द्रव्य बदलले की गुण बदलतो, आणि संस्कार चुकला की आहारही अपाय करतो.

व्यवहारातील बोध

या ज्ञानाचा उपयोग द्रव्यनिश्चितीपुरता मर्यादित नाही. संग्रह आणि संरक्षण यांच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

संजीवनी व मयूरशिखा उन्हाळ्यात सुकून मुठीसारख्या वळतात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरव्या होतात. त्यामुळे या वनस्पती अविनाशी आहेत अशी आपली समजूत होते. परंतु हा चिवटपणा बीजाणुधारी पिढीचा आहे. मीलनाचे कार्य ज्या पिढीकडे आहे ती नाजूक आहे, आणि पावसाळ्यातील थोड्याच दिवसांत तिला आपले काम उरकावे लागते. खडकावरील रोप समूळ उपटले की बीजाणूही गेले आणि ओल धरून ठेवणारी खपलीभर मातीही गेली. दुसऱ्या पिढीने उभे राहावे कोठे? जत्रेत पाण्यात टाकून उलगडून दाखविली जाणारी संजीवनी जिवंत असतेच असे नाही. उलगडणे ही बरीचशी ओलावा शोषण्याची भौतिक क्रिया असून सिलाजिनेलाच्या मृत रोपातही ती घडू शकते. हिरवा रंग परत येणे हीच जीवनाची खूण.

हे खापर केवळ संग्राहकांवर फोडून चालणार नाही. शैक्षणिक सहलीत प्रत्येक विद्यार्थ्याने वनस्पतिसंग्रहासाठी एकेक मयूरशिखा मुळासकट उपटावी, असा पाठ आम्हीही अनेक वर्षे दिला. एका सहलीत एक कातळ मोकळा होतो, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. आता आम्ही पुढील नियम पाळतो व वैद्यबंधुभगिनींनीही ते पाळावेत अशी विनंती करतो.

१. नेच्याची पाने घ्यावीत. शक्य तेथे भूमिगत खोड जागेवरच ठेवावे. पंचांग आवश्यक असेल तर एका ठिकाणची सर्व रोपे कधीही काढू नयेत.

२. पानामागील पुंजके तपकिरी होऊन धानी उघडल्यानंतर, म्हणजे बीजाणू विखुरल्यावर, संग्रह करावा.

३. वर्गासाठी एकच नमुना आणावा व तोच सर्वांनी अभ्यासावा.

४. औषधी उद्यानात नेचे बीजाणूंपासून वाढवावेत. पक्व पान कागदाच्या घडीत ठेवले की एकदोन दिवसांत पिठासारखे बीजाणू खाली जमतात. उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेली मातीची वीट उथळ पाण्यात ठेवून तिच्यावर ते शिंपडावेत आणि वर काच झाकावी. काही आठवड्यांत हिरवा थर व त्यानंतर हृदयाकृती पापुद्रे दिसू लागतात. त्यांवर अधूनमधून पाण्याचा हलका फवारा द्यावा. संयोगासाठी तो आवश्यक आहे.

५. ‘बीज’ अशी चिठ्ठी असलेला प्रत्येक संदिग्ध नमुना भिजवून, कापून पाहावा. गर्भ व दले दिसली तर बीज. भुकटीने भरलेल्या धानी दिसल्या तर बीजाणुफल.

स्थानिक जातींच्या ओळखीसाठी ब्लॅटर व डाल्मेडा यांचा मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील १९२२ चा ग्रंथ अद्यापही पायाभूत मानला जातो. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी तो मिळवून ठेवावा.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही पुडीवरील चिठ्ठी बदलून ‘उटंगण बीज’ अशी लिहिली आणि शेजारच्या बरणीत मार्सिलियाचे दाणे ‘बीजाणुफल, बीज नव्हे’ अशा नोंदीसह ठेवले. विटेवर पेरलेल्या हंसपदीचे पापुद्रेही आता तयार झाले आहेत. नखाएवढ्या त्या हिरव्या पापुद्र्यांतून एका ठिकाणी पहिले पान वर आले आहे. दोन पिढ्या एकत्र पाहण्याची ही संधी अल्पकाळच मिळते. ज्यांना शक्य असेल त्यांनी येत्या पावसाळ्यात आपल्या उद्यानात ती अवश्य साधावी.